डिजिटल रुपया ‘आभासी’ नाही

ताई, बचत गटासाठी रिझर्व्ह बँकेच्या नव्या डिजिटल रुपयाची माहिती लिहिताना त्याला ‘आभासी चलन’ म्हणावं की ‘ई-रुपी’, असं तुम्ही विचारलंत. माझ्या मते दोन्ही नको.

‘आभासी’ हा शब्द वर्तमानपत्रांनी बिटकॉइनसाठी रुळवला आणि तोच इकडे चिकटला. काल तुमचा मजकूर इथे नागपुरात गोकुळपेठ बाजारात आमच्या भाजीवाल्या काकूंना वाचून दाखवला. मेथीची जुडी बांधता बांधता त्या म्हणाल्या, “म्हणजे दिसते, पण राहत नाही काय जी?” आभासाचा अर्थ त्यांनी अचूक धरला, आणि हा रुपया तसा नाहीच. २०२२च्या अर्थसंकल्पानेच दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्या: बिटकॉइनसारख्या ‘आभासी डिजिटल मालमत्ते’च्या नफ्यावर ३० टक्के कर लावला, तर डिजिटल रुपयासाठी १९३४च्या रिझर्व्ह बँक कायद्यातली ‘बँक नोट’ची व्याख्या वाढवली. कायद्याच्या लेखी ही नोटच आहे.

‘ई-रुपी’ हे ऑगस्ट २०२१मध्ये आलेल्या व्हाउचरचं नाव. ते ठरलेल्या कामासाठीच वापरता येतं.

‘रुपया’ शब्द मात्र बिनधास्त वापरा. त्याच्या मुळाशी संस्कृत ‘रूप्य’ आहे, आणि पाणिनीच्या सूत्रात त्याचा अर्थ ‘ज्यावर रूप ठोकून उमटवलं आहे ते’, म्हणजे छाप मारलेलं नाणं, असा निघतो. पुढे कागदाची नोट आली, ठोकणं गेलं, तरी शब्द टिकला. मोबाइलमध्येही टिकेल.

खरी अडचण यूपीआयशी होणाऱ्या गल्लतीची आहे. यूपीआयने एका खात्यातले पैसे दुसऱ्या खात्यात जातात. डिजिटल रुपया मोबाइलमधल्या वॉलेटमध्ये, म्हणजे डिजिटल पाकिटात, नोटेसारखा राहतो, त्यावर व्याज नाही, आणि त्याची जबाबदारी थेट रिझर्व्ह बँकेवर. जिच्या नावाने आपण संविधान चौकाला अजून आरबीआय चौक म्हणतो, तीच बँक. अशा पैशाला पुण्याकडे रोकड म्हणतील, आपल्याकडे नगद. तो नोटा-नाण्यांच्याच मूल्यांत निघतो, त्यामुळे ‘बंदा’ आणि ‘चिल्लर’ हे शब्दही त्याला शोभतात.

तुमचं पहिलं वाक्य असं करून पाहा: ‘डिजिटल रुपया म्हणजे रिझर्व्ह बँकेने काढलेली, मोबाइलमध्ये ठेवायची नगद, सामान्य लोकांसाठी तिची चाचणी १ डिसेंबर २०२२ला सुरू झाली.’