जुनी ऑफर तशीच ठेवू नका

ताई, २०१९ च्या कॅनडाच्या पायलटमधली (घरी सांभाळ करणाऱ्यांना तिथं कायम राहता यावं म्हणूनच्या प्रायोगिक योजनेतली) तुमच्याकडे काम करणार असलेल्या मावशींची फाइल अजून चालू आहे ना? मग पगार, तास, पत्ता यांतलं काहीही बदललं की नवा आयएमएम ५९८३, म्हणजे नोकरीच्या ऑफरचा फॉर्म, भरा, दोघींनी सही करा आणि इमिग्रेशनच्या वेबफॉर्मवरून फाइल नंबर टाकून पाठवा. काम आठवड्याला किमान ३० तासांचं आणि क्यूबेकबाहेरचंच हवं.

आमच्या जुन्या फॉर्मवर लेकाचं वय दोन होतं, पण फाइल चालू असतानाच तो शाळेत जायला लागला होता! कामाचं वर्णन आम्ही नव्यानं लिहिलं. मात्र कामाच्या सरकारी कोडांत मुलं सांभाळणं ४४१०० मध्ये, आजींची देखभाल ४४१०१ मध्ये. त्यांची सरमिसळ अजिबात करू नका. मावशींना प्रत्येक कागदाची प्रत द्याच, त्यांचं भविष्य त्यावर आहे.