बटणावर क्लिक केलं की रिपल भलतीकडूनच का उठतो?

तुम्ही विचारलंय की जावास्क्रिप्टने रिपल (बटण दाबल्यावर पसरणारं तरंगासारखं वर्तुळ) लावला पण तो बोट लागतं तिथून उठत नाही, आणि बऱ्याच क्लिकनंतर पान जड होतं. दोन्ही दुखणी मी भोगलीयेत. गोव्यात फोंड्याला मामेभावाचं माटोळीच्या (गणपतीच्या वर फळं-फुलं बांधून टांगतात ती चौकट) सामानाचं दुकान आहे, गणेश चवथीच्या आधी ऑर्डरी घ्यायला त्याला एक पान करून दिलेलं, तर पावसात नेटवर्क रडायचं आणि बटण दाबलं गेलं की नाही हेच लोकांना कळेना, मग परत दाबायचे, एका घरचे सुपारीचे घोस दोनदा नोंदले गेले. म्हणून रिपल घातला.

आता जागेचं. क्लिकची जागा सांगणारे क्लायंटएक्स आणि क्लायंटवाय हे ब्राउझरच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून मोजलेले असतात, बटणाच्या नाही. म्हणून गेटबाउंडिंगक्लायंटरेक्टने बटणाची जागा काढायची, त्यातले लेफ्ट आणि टॉप वजा करायचे आणि वर रिपलचा अर्धा आकारही वजा करायचा, हे शेवटचं सगळे विसरतात. समजा बटण डावीकडून 120 पिक्सेलवर आहे आणि बोट 150 वर पडलं, म्हणजे बटणाच्या आत 30, रिपल 200 रुंद असेल तर त्यातून 100 गेले, लेफ्ट आला उणे 70. उणे आला तर घाबरू नका, बरोबर आहे ते. ऑफसेटएक्स मात्र वापरू नका, बटणात आयकॉन असला आणि बोट त्याच्यावर पडलं तर तो आयकॉनपासून मोजतो.

बटणाला पोझिशन रिलेटिव्ह आणि ओव्हरफ्लो हिडन हवंच. रिपल म्हणजे प्रत्येक क्लिकला बटणाच्या आत घातलेला एक स्पॅन (एचटीएमएलचा रिकामा तुकडा), त्याला पोझिशन ॲब्सोल्यूट, बॉर्डर-रेडियस 50%, पॉइंटर-इव्हेंट्स नन, रुंदी-उंची बटणाची जी मोठी बाजू असेल तेवढी. ॲनिमेशन फक्त स्केल 0 ते 4 आणि ओपॅसिटीचं, 600 मिलिसेकंद पुरे. रुंदी-उंची ॲनिमेट केली तर ब्राउझर प्रत्येक फ्रेमला मांडणी नव्याने मोजत बसतो आणि स्वस्तातला फोन अडखळतो.

पान जड होतं कारण प्रत्येक क्लिकचा स्पॅन आत तसाच पडून राहतो. ॲनिमेशनएंड इव्हेंटवर तो रिमूव्ह करा. पण ज्यांनी फोनमध्ये हालचाल कमी ठेवलीय त्यांच्यासाठी सीएसएसमध्ये ॲनिमेशन नन केलं असेल तर तो इव्हेंट येतच नाही, स्पॅन परत साठतात, म्हणून जावास्क्रिप्टच्या मॅचमीडियाने ती सेटिंग आधीच बघून स्पॅन बनवूच नका. हालचालीने खरंच गरगरतं काही जणांना, हे टाळू नका प्लीज.

कीबोर्डवरून एंटर दाबला की क्लिक इव्हेंटचा डिटेल (किती वेळा क्लिक झालं तो आकडा) 0 येतो, तेव्हा रिपल मधोमध काढा.

आणि एक, रिपल फक्त बोट लागलं एवढंच सांगतो, ऑर्डर पोचली असं नाही. आमच्या दुहेरी ऑर्डरी खऱ्या थांबल्या त्या उत्तर येईपर्यंत बटण डिसेबल करून वर 'पाठवतोय' असं लिहिल्यावर.