गाठ खरवडायची नसते, सोलायची असते

प्रिय डॉक्टर,

कुशिंगची, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतल्या गाठीमुळे कॉर्टिसोल हे हार्मोन वाढतं त्या आजाराची, पहिली केस स्वतः करायला मिळणार म्हणून हात शिवशिवत असतील. तरी आधी फाईल उघड. एसीटीएच (कॉर्टिसोल वाढवणारं हार्मोन) दबलेलं नाही आणि एमआरआयमध्ये चार मिलिमीटरचा ठिपका आहे, एवढ्यावर नाकात दुर्बीण घालू नकोस. असे ठिपके धडधाकट माणसांतही, दहातल्या एकाकडे तरी, दिसतात. स्कॅन १ मिलिमीटर छेदांचा करून घे. ठिपका ६ मिलिमीटरपेक्षा लहान असेल किंवा दिसतच नसेल, तर इन्फिरिअर पेट्रोसल सायनस, म्हणजे पिट्युटरीचं रक्त वाहून नेणाऱ्या शिरेतलं रक्त तपास. तिथलं एसीटीएच हातातल्या शिरेच्या किमान दुप्पट, किंवा उत्तेजक इंजेक्शननंतर तिप्पट भरलं, तर उगम पिट्युटरीतच. त्या दिवशी कॉर्टिसोल वाढलेलं आहे ना, याची खात्री कर. रोग सुप्त असताना घेतलेले नमुने सर्रास फसवतात. गाठ डावीकडे की उजवीकडे, हे मात्र या आकड्यांना विचारू नकोस.

आणि मोठी गाठ, पण प्रोलॅक्टिन (दूध आणणारं पिट्युटरीचं हार्मोन) जेमतेम वाढलेलं दिसलं, तर नमुना शंभरपट पातळ करून पुन्हा मोजायला सांग. हार्मोन फार जास्त असलं की चाचणीच खोटा कमी आकडा देते; या हूक इफेक्टमुळे खरा आकडा लपतो आणि गोळ्यांनी आटणाऱ्या गाठीवर सुरी चालते.

आता मुख्य गोष्ट. हार्मोन सोडणाऱ्या गाठींत नजर स्वच्छ झाली, स्कॅन सुंदर आला, तरी शस्त्रक्रिया फसलेली असू शकते. गाठीचा कणभर तुकडा राहिला तरी तो हार्मोन ओततच राहतो. तुकडे राहतात ते क्युरेटने (खरवडायच्या हत्याराने) आतून खरवडत बसल्यामुळे. गाठीभोवती दाबल्या गेलेल्या ग्रंथीचा पातळ पापुद्रा तयार होतो. त्याला आपण स्यूडोकॅप्सूल म्हणतो. ड्यूरावर (ग्रंथीवरच्या जाड आवरणावर) चीर देताना हात हलका ठेव, गाठीत शिरू नकोस. ड्यूरा आणि ग्रंथी यांच्यातला थर आधी मोकळा कर, मग पापुद्र्याची कड धरून बोथट डिसेक्टरने चहूबाजूंनी फिर. लहान गाठ अखंड निघते. मोठी असेल तर आतून थोडी रिकामी कर, पण कड सोडू नकोस. सक्शनच्या नळीला सापळा लाव, नाहीतर ३ मिलिमीटरची गाठ बाटलीत जाईल आणि पॅथॉलॉजीचा अहवाल येईल ‘निरोगी ग्रंथी’.

गाठ कॅव्हर्नस सायनसच्या (ग्रंथीच्या बाजूच्या, कॅरोटिड धमनी जाते त्या शिरांच्या पोकळीच्या) आतल्या भिंतीला चिकटलेली असेल, तर ती भिंतही काढावी लागते. हे काम अनुभवी हाताशेजारी उभं राहून शिक. ॲक्रोमेगालीत (ग्रोथ हार्मोन वाढवणाऱ्या गाठीच्या आजारात) कॅरोटिड फुगून मध्यरेषेकडे सरकलेल्या असू शकतात, म्हणून ड्यूरा कापण्याआधी धमनीतला प्रवाह ओळखणारा डॉप्लर फिरव. भिंत ओढायची नाही. तिला धरून ठेवणारे बंध नजरेसमोर कात्रीने कापायचे. ओढलीस की कॅरोटिड फाटण्याची भीती.

नंतरचे दिवस कंटाळवाणे, पण निकाल तिथेच कळतो. कुशिंगमध्ये स्टेरॉइड थांबवून, रुग्ण नजरेखाली ठेवून, दर सहा तासांनी कॉर्टिसोल बघ. २ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं की कॉर्टिसोलची उणीव भरणारं हायड्रोकॉर्टिसोन लगेच सुरू कर. मळमळ, गळून जाणं, रक्तदाब उतरणं ही लक्षणं दिसली तर आकड्याची वाट बघू नकोस. या रुग्णांच्या रक्तात गुठळ्या सहज होतात. त्यांना लवकर चालतं कर आणि रक्त पातळ करणारं इंजेक्शन केव्हा सुरू करायचं, ते आधीच ठरव. ॲक्रोमेगालीत दुसऱ्या दिवशीचं ग्रोथ हार्मोन अंदाज देतं, पण आयजीएफ-१ वर (ग्रोथ हार्मोनमुळे यकृतात बनणाऱ्या हार्मोनवर) निकाल १२ आठवड्यांनीच लाव. त्याआधीचा आकडा वाढलेला असला तरी घाईने औषध चढवू नकोस.

रक्तातलं सोडियम बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसात घसरतं, म्हणजे रुग्ण घरी गेल्यावर. तेव्हा डिस्चार्ज कार्डावर सातव्या दिवसाची तारीख मोठ्या अक्षरात लिही: ‘सोडियम तपासणी’. त्याखाली तहानेपुरतंच पाणी प्यायची सूचना, आणि नाकातून पाण्यासारखं काही गळलं तर फोन कुणाला करायचा, त्याचा नंबर.

तुझा,
सर