दारू सुटली, पण हे हसतच नाहीत

"मॅडम, पिणं बंद झालंय हो, पण हे हसतच नाहीत." गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात तिघींनी मला जवळजवळ ह्याच शब्दांत सांगितलं, आणि व्यसनमुक्तीच्या कामातल्या बावीस वर्षांत किती जणींनी सांगितलं असेल त्याची तर गणतीच नाही, म्हणून आज ह्यावर लिहितेय. एकाच जोडप्याची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

नवऱ्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, वय चाळीसच्या पुढे, सात महिने एक थेंब नाही. बायको एकटीच आली होती. म्हणाली, "प्यायचे तेव्हा निदान बोलायचे तरी. आता टीव्ही चालू असतो पण बघत नाहीत. पोरगी वर्गात पहिली आली, हातात पेढा दिला, खाल्ला आणि गप्प. मॅडम, आमच्यापेक्षा दारूच जास्त लाडकी होती का ह्यांना?"

हा जो शेवटचा प्रश्न आहे ना, तोच घरं मोडतो. कारण त्याचं उत्तर प्रेमात शोधलं जातं, आणि ते असतं मेंदूत.

मी तिला डॉ. नोरा व्होल्को यांच्याबद्दल सांगितलं. मेक्सिको सिटीत वाढलेल्या ह्या मनोविकारतज्ज्ञ, २००३ मध्ये अमेरिकेच्या व्यसन संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेच्या प्रमुख झाल्या, त्याआधी न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत पेट स्कॅन (PET, मेंदूतली रसायनं कशी चालतात ते दाखवणारी तपासणी) वापरून व्यसनी माणसांचे मेंदू बघत होत्या. आपल्या मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन असतं, 'हे महत्त्वाचं आहे, हे परत हवं' असा निरोप ते नेतं, आणि तो निरोप घेणाऱ्या जागा म्हणजे रिसेप्टर. त्यातल्या डी-टू नावाच्या जागा कोकेन घेणाऱ्यांमध्ये कमी असतात, आणि ज्यांच्यात त्या कमी त्यांचा कपाळामागचा, म्हणजे 'थांब, नको' म्हणणारा भागही मंद चालतो, हे त्यांच्या गटाने १९९३ साली दाखवलं. पुढे दारू सोडलेल्या माणसांतही डी-टू कमीच दिसले.

म्हणजे पेढा गोड होता, पोरगीही लाडकी होती, पण निरोप घ्यायलाच माणसं कमी. दारूचा निरोप इतका मोठ्याने यायचा की तो पोचायचा, पेढ्याचा पोचत नाही.

"पण ह्यांचे मित्रही प्यायचे, मग ह्यांनाच का?" तिने विचारलं, बरोबरच आहे. १९९९ मधे व्होल्को यांनी व्यसन नसलेल्या २३ पुरुषांना मेथिलफेनिडेट हे उत्तेजक औषध दिलं. ज्यांच्यात डी-टू कमी होते त्यांना ते छान वाटलं, ज्यांच्यात जास्त होते त्यांना नकोसं झालं. औषध तेच, अनुभव उलटे. आता तुमच्या नवऱ्यात हे आधीपासूनच कमी होते की दारूने कमी केले हे कुणी सांगू शकणार नाही, बहुतेक दोन्ही असतं. पण "इच्छाशक्ती नाही" हे वाक्य त्या दिवसापासून घरात बोलायचं नाही, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं.

पुढच्या वेळी तो आला. खाली मान. मी मेंदूचं तेच सगळं सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे मोटर जळली, संपलं." मी म्हटलं २००१ चा एक अभ्यास आहे, मेथ नावाच्या ड्रगचं व्यसन असलेल्या पाच जणांचा. डोपामाइन परत उचलून घेणारे जे भाग असतात मेंदूत, ते ड्रग सोडल्यावरच्या सुरुवातीच्या महिन्यांत कमी होते आणि वर्षाच्या वर, बारा ते सतरा महिने कोरडं राहिल्यावर बरेचसे भरून आले. ड्रग वेगळं, भाग वेगळा, माणसं पाचच, त्यामुळे ते आकडे मी दारूला लावत नाही, पण मेंदू दुरुस्त होऊ शकतो आणि त्याला महिने लागतात हे त्यातून कळतं. त्याच लोकांच्या स्मरणशक्तीच्या आणि हालचालींच्या चाचण्या मात्र तेवढ्या सुधारल्या नव्हत्या, हेही सांगितलं, खोटी आशा मी कधीच देत नाही.

तो बराच वेळ गप्प. मग अचानक म्हणाला, "मॅडम, मोटर भरून झाली की आम्ही वार्निश मारतो. ते वाळल्याशिवाय लोडवर टाकत नाही. गिऱ्हाईक घाई करतं, पाणी द्यायचंय म्हणतं, पण ओल्या वार्निशवर लोड दिला की परत जळते."

मी पेन खाली ठेवलं. मी अर्धा तास जे सांगत होते ते ह्या माणसाने त्याच्या धंद्यातल्या दोन वाक्यांत सांगितलं, आणि सात महिन्यांत पहिल्यांदा तो स्वतःबद्दल कारागिरासारखा बोलत होता, गुन्हेगारासारखा नाही.

तेव्हा मला विचारावंसं वाटलं, "आता दुकानात मोटर कोण भरतं?" उत्तर आलं, कुणीच नाही. शटरची चावी धाकट्या भावाकडे, गल्ला वडिलांकडे, एटीएम कार्ड बायकोकडे, आणि रोज संध्याकाळी तोंडाचा वास घेतला जायचा, पोरीसमोर. सगळ्यांनी काळजीपोटीच केलेलं. पण घरातल्या उतरंडीत तो सगळ्यात खाली गेला होता.

इथे मला नॉर्थ कॅरोलिनातल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठातला माकडांवरचा २००२ चा प्रयोग आठवतो. वीस माकडं आधी एकेकटी ठेवली, मग चार-चारच्या टोळीत. टोळीत जी वरचढ ठरली त्यांचे डी-टू वाढले, जी दबून राहिली त्यांचे नाही, आणि दबलेल्यांनी कोकेन जास्त घेतलं. माकडावरून माणसाचं सगळं ठरवू नये, मान्य. पण माझं ठाम मत आहे की रिसेप्टर एकटे कवटीत राहत नाहीत, ते घरातही राहतात.

तिघांना एकत्र बसवलं, सासऱ्यांनाही. पैसे हळूहळू, पण चावी आजच, असं ठरलं. वास घेणं बंद, त्याऐवजी तो स्वतःच रविवारी सांगेल, पिण्याची ओढ किती झाली ते. सकाळचं एक काम त्याचंच, दुसऱ्या कुणी करायचं नाही. हसण्याची मागणी नाही, "आज तरी जरा बोला" नाही. झोप, जेवण वेळेवर, रोज चालणं. तंबाखू वाढली तर लपवायची नाही.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. प्रत्येक उदासी 'वार्निश वाळतंय' म्हणून सोडून द्यायची नाही. दोन आठवड्यांवर झोप-भूक गेली, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं आलं तर मनोविकारतज्ज्ञांकडे, डिप्रेशन आणि व्यसन बऱ्याचदा हातात हात घालून येतात आणि दोन्हींना उपचार लागतो. रात्री-अपरात्री टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. व्होल्को यांच्या आईच्या वडिलांना दारूचं व्यसन होतं, त्यांनी आत्महत्या केली होती, आणि आयुष्यभर व्यसनावर काम करणाऱ्या ह्या बाईला हे आईने मरणाच्या दारात सांगितलं, इतकी ती लाज. त्यांनी स्वतः हे जाहीरपणे सांगितलंय. शिवाय जे अजून रोज पितात त्यांनी घरच्या घरी एकदम बंद करू नये, फिट येऊ शकते, डॉक्टर हवेच.

मधे तो एकदा घसरलाही, दहाव्या महिन्यात, एका लग्नात. दुसऱ्या दिवशी स्वतःच चावी घेऊन माझ्याकडे आला, परत करायला. मी घेतली नाही.

चौदाव्या महिन्यात बायकोचा फोन आला, रडत होती की हसत होती मला आधी कळेचना.

"मॅडम, काल जेवताना म्हणाले, आमटीत मीठ कमी आहे."