वडिलांना विडीमुळे घशाचा कॅन्सर झाला, डॉक्टर म्हणतात जीन्स बिघडलेत, मग आम्हा मुलांनाही होणार का?

दादा, तुम्ही लिहिलंय की वडील ३५ वर्षं विडी ओढत होते, आता स्वरयंत्राचा कॅन्सर निघालाय, पुढच्या आठवड्यात रेडिएशन सुरू होतंय, आणि डॉक्टर घाईघाईत "धुरानं पेशीतले जीन्स बिघडले" एवढंच बोलून गेले. आता तुम्हाला दोन गोष्टी सतावतायत, हे आम्हा भावंडांत उतरणार का, आणि आता विडी सोडून तरी काय फायदा.

मी पण सोलापूरचीच, बायोटेकमध्ये एमएस्सी केलंय, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. माझी आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची आणि वडील यंत्रमागावर, ते त्याच विड्या ओढायचे. त्यांनाही हाच आजार झाला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं उत्तर आधीच देऊन टाकते: नाही, वडिलांच्या घशात धुरानं जे बदल झाले ते तुमच्यात उतरत नाहीत. ते बदल घशाच्या अस्तरातल्या पेशींचे आहेत, वडिलांना जन्मापासून मिळालेले नाहीत आणि त्या पेशींतून पुढच्या पिढीत जायची काही वाटच नाही.

आता "बिघडले" म्हणजे काय. तुम्ही आपल्याकडची चादर विणताना बघितलीच असेल. मागावर जॅकार्ड असतं, त्यात भोकं पाडलेले पुठ्ठे फिरतात, भोक कुठं आहे त्यावर कुठला धागा उचलला जाणार ते ठरतं आणि मोर, फूल, जी काय नक्षी असेल ती उमटते. पेशीतला डीएनए म्हणजे ते पुठ्ठे समजा आणि जीन म्हणजे त्यातला एकेक तुकडा. धूर दोन प्रकारे घोळ घालतो. एकतर पुठ्ठाच फाडतो, त्याला म्युटेशन म्हणतात. विडीच्या धुरातलं बेंझोपायरीन नावाचं विष पेशीत गेलं की एक रिसेप्टर (पकडणारं प्रथिन) त्याला धरून केंद्रकात, म्हणजे डीएनए असतो तिथं, जातो आणि ते विष बाहेर काढणाऱ्या एन्झाइमचे (रसायनं बदलणाऱ्या प्रथिनांचे) जीन्स चालू करतो, पण वाईट असं की ते एन्झाइम बेंझोपायरीनला धुऊन काढता काढता मधेच असं रूप देतं की ते थेट डीएनएला जाऊन चिकटतं. टीपी ५३ नावाचा जीन, जो खराब पेशीला थांबवतो किंवा मारून टाकतो, तो तंबाखूवाल्या डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा असाच फाटलेला सापडतो.

दुसरा प्रकार जास्त गुपचूप चालतो, पुठ्ठा धड असतो पण भोकावर चिकटपट्टी बसते. याला मिथाइलेशन म्हणतात, जीनच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइलचे छोटे रासायनिक गट चिकटतात आणि जीन वाचलाच जात नाही, अक्षर एक बदललेलं नसतं तरी तो गप्प. पी १६ म्हणजे पेशीच्या विभाजनाचा ब्रेक, काही गाठींमध्ये तो असाच बंद पडलेला असतो (काहींमध्ये तर तो तुकडाच गळालेला असतो). तसाच एमजीएमटी, डीएनएची दुरुस्ती करणारा. म्हणजे बघा, एकीकडं धूर पुठ्ठे फाडतोय आणि दुसरीकडं शिवणाऱ्यालाच कुलूप लावतोय. आमच्या लॅबमध्ये कधी कधी टॉन्सिलच्या बाजूच्या गाठीवर पी १६ चा स्टेन करतात, म्हणजे रंग लावून त्या जीनचं प्रथिन दिसतं का ते बघतात, एचपीव्ही व्हायरसमुळे झालेल्या गाठीत तो उलट भरपूर दिसतो, तंबाखूवाल्या गाठीत बहुतेक वेळा नसतोच, म्हणून ते दोन वेगळे आजार धरतात.

आता सोडून काय फायदा. फाटलेला पुठ्ठा विडी सोडून शिवला जात नाही हे खरंय. पण चिकटपट्ट्यांचं तसं नाही. २०१६ साली सुमारे १६,००० लोकांच्या रक्तातलं मिथाइलेशन तपासलं होतं, सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये ७,००० हून जास्त जीन्सवर फरक दिसला, आणि ज्यांनी सोडलं त्यांच्यातल्या बहुतेक खुणा ५ वर्षांच्या आत कधीच न ओढणाऱ्यांसारख्या झाल्या, मोजक्या मात्र ३० वर्षांनंतरही तशाच होत्या. हे रक्तातलं आहे, गाठीतलं नाही, तरी शरीर किती सावरू शकतं ते कळतं.

आणि वडिलांच्या बाबतीत तर याहून जवळचं कारण आहे, कृपा करून हे त्यांना वाचून दाखवा. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो, म्हणजे गाठीपर्यंत ऑक्सिजन कमी पोचतो. रेडिएशननं गाठ मरायला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन कमी पडला की गाठ आपले वेगळे जीन्स चालू करते, नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते आणि तग धरते. रेडिएशन चालू असताना ओढत राहणाऱ्यांना उपचार कमी लागू पडतात हे तपासून बघितलेलं आहे. माझे वडील रेडिएशनच्या दिवसांत संडासात लपून ओढायचे, आम्हाला वासावरून कळायचं पण आजारी माणसाला काय बोलायचं म्हणून आम्ही गप्प बसलो. ते गप्प बसणं मला अजून झोपू देत नाही. तुम्ही बसू नका. विडीला फिल्टर नसतो, तेंदूपान नीट जळत नाही म्हणून जोरजोरात ओढावी लागते, "विडी साधी असते" असं कुणी म्हणलं तर ऐकू नका.

अजून एक, धूर फक्त गाठीच्या जागी लागलेला नसतो, सगळ्या तोंडाला, घशाला लागलेला असतो. १९५३ सालीच स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की तोंडाच्या कॅन्सरच्या आजूबाजूचं चांगलं दिसणारं अस्तरसुद्धा बदललेलं असतं, म्हणूनच बऱ्या झालेल्या माणसाला काही वर्षांनी दुसरी गाठ येऊ शकते. उपचार संपले तरी तपासणीच्या तारखा चुकवू नका.

तुम्ही शेवटी लिहिलंय की धाकटा भाऊ मावा खातो. जीन्स नाही उतरत दादा, सवय उतरते, आणि माव्यातल्या तंबाखूतली नायट्रोसामाइन्स नावाची कॅन्सर करणारी रसायनं तंबाखू न पेटवताही गालाच्या अस्तरातला डीएनए खराब करतात. वडिलांना पुढच्या वेळी ओपीडीत नेताना त्यालाही सोबत घ्या आणि तिथंच तोंड दाखवून घ्या. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरलेली जखम, किंवा तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडत असेल तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा, ते विचारतील याची वाट बघू नका.