तालुक्याच्या वाचनालयाला तीन लाखांची देणगी मिळाली, तर आधी काय घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या ‘ब’ वर्ग (हा अनुदानासाठीचा सरकारी दर्जा) वाचनालयाचे तुम्ही नवे कार्यवाह. एक देणगीदार तीन लाख द्यायला तयार आहेत, पण त्यांना ‘काहीतरी आधुनिक, दिसेल असं’ हवंय. कार्यकारिणीच्या सभेत आरएफआयडी (रेडिओ लहरींनी पुस्तक ओळखणारी यंत्रणा), टचस्क्रीन किऑस्क (वाचकाने स्वतः हाताळायचं उभं यंत्र), ई-बुक अशी नावं निघाली. कर्मचारी तीन, त्यातले दोन संगणकाला हात लावत नाहीत. काय घ्यावं?

सिंधुदुर्गातल्या अशाच एका वाचनालयात मी बावीस वर्षं ग्रंथपाल आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. चालवून घ्या.

आरएफआयडी नको. आम्ही दरपत्रकं मागवली होती. प्रत्येक पुस्तकाला टॅग, वाचणारं यंत्र आणि दाराशी गेट असा तो संच असतो, आणि नुसत्या गेटच्या आकड्यानेच आमची सभा संपली. दिवसाला हजारो पुस्तकं हलतात तिथे त्याचा उपयोग. आमच्याकडे साठ-सत्तरांची देवघेव. शिवाय आपल्याकडे पुस्तकं चोरीला जात नाहीत, वर्गणीदाराच्या घरी राहतात, आणि वर्गणीदार मुलाकडे पुण्याला राहायला जातो. त्याला कुठलं गेट अडवणार? किऑस्कबद्दल एवढंच सांगते, की शेजारच्या एका वाचनालयात त्यावर आता वर्तमानपत्रं ठेवतात.

आधी तुमची ग्रंथसूची बघा. 2009 साली आम्ही एका स्थानिक विक्रेत्याकडून सॉफ्टवेअर घेतलं आणि सुमारे चौदा हजार पुस्तकं त्यात भरली. दोन वर्षांनी विक्रेता फोन उचलेना. माहिती बाहेर काढली तर ती युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही संगणकाला वाचता येईल अशा प्रमाण सांकेतिक मांडणीत) नव्हती, जुन्या फॉन्टमध्ये होती. त्या फॉन्टांमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते. रूपांतर करणाऱ्या साधनाने ती चुकीच्या जागी बसवली आणि ‘विनोद’चा झाला ‘वनिोद’. कादंबऱ्यांपासून पाककृतींपर्यंत सगळ्या नोंदींत वेलांट्या एकेक घर सरकलेल्या. निम्मं काम पुन्हा हाताने करावं लागलं. म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर घेताना पहिला प्रश्न हा विचारा: उद्या तुम्ही नसलात तर माझी सगळी माहिती युनिकोडमध्ये एका फाइलीत मला काढता येईल का? आणि समोर बसवून ती काढून दाखवायला सांगा.

ग्रंथालयासाठीची दोन सॉफ्टवेअरं सांगते: एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं ई-ग्रंथालय आहे आणि कोहा आहे, दोन्हींना परवान्याचे पैसे पडत नाहीत. कोहाची गोष्ट मला आवडते, कारण ते आपल्यासारख्याच एका छोट्या गावच्या वाचनालयासाठी जन्माला आलं. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयांचं जुनं सॉफ्टवेअर सन 2000 उजाडल्यावर बंद पडणार होतं. नवं विकत घेण्याऐवजी त्यांनी 1999 मध्ये ते लिहून घेतलं आणि सगळ्या जगाला मोकळं करून दिलं. कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट, आपल्या आहेरासारखी, परतफेडीची जाणीव असलेली. आमच्याकडे तेच आहे. पण ते बसवायला जाणकार लागतो, त्याची सोय आधी करा. जवळच्या कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारा, बऱ्याच ठिकाणी ते आधीपासून वापरात असतं.

आता नोंदींबद्दल. तीन माणसं तीन पद्धतींनी नावं टाइप करतात. ‘पु. ल. देशपांडे’, ‘पु.ल.देशपांडे’, ‘देशपांडे, पु. ल.’ हे संगणकाच्या लेखी तीन वेगळे लेखक. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एकच, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. त्याहून छळवादी प्रकार ‘ॲ’चा. एका कीबोर्डवर तो एकसंध उमटतो, दुसऱ्यावर ‘अ’ आणि चंद्र अशा दोन तुकड्यांत. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. ‘दऱ्या’मधल्या ‘ऱ्या’चंही तेच. वाचक शोधतो, ‘पुस्तक उपलब्ध नाही’ असं येतं, आणि पुस्तक त्याच्या पाठीमागच्या कपाटात असतं. उपाय फुकट आहे: सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा (आम्ही इनस्क्रिप्ट हा भारतीय लिपींचा प्रमाण कीबोर्ड ठरवला), आणि नावं कशी लिहायची त्याचं एक पानी पत्रक टेबलाच्या काचेखाली.

दाखल रजिस्टरच्या (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमाने टिपतात ती वही) पहिल्या नोंदीपासून टाइप करायला बसू नका. आम्ही ती चूक केली आणि सहा महिने कुणी वाचत नाही अशी पुस्तकं भरत बसलो. परत आलेलं पुस्तक कपाटात जायच्या आधी संगणकात जाईल, एवढाच नियम करा. वर्षभरात फिरतं सगळं आत येतं, न फिरणारं सावकाश घ्या. बारकोडची चिकटपट्टी मलपृष्ठावर बाहेरून लावा. नुसत्या उष्णतेवर छापणाऱ्या प्रिंटरवर, पावत्यांसारखी, छापू नका, दोन पावसाळ्यांत कोरी होते. वरून पारदर्शक टेप हवीच, कोकणात तर नक्की.

हे सगळं करणार कोण, हा तुमच्या प्रश्नातला खरा भाग. आपल्या क्षेत्रात ‘वेतनश्रेणी’ हा शब्द बहुतेकांनी आंदोलनाच्या फलकावरच वाचलाय. अनुदान दोन हप्त्यांत येणार, त्यातल्या निम्म्यात पगार. अशा माणसाला ‘नवीन तंत्रज्ञान आत्मसात करा’ असं सांगताना जीभ जड व्हायला हवी. शिकण्याचा वेळ कामाच्या वेळेतच धरा, रविवारी बोलावलंत तर त्याचे पैसे द्या.

मीही सुरुवातीला चुकले. पहिलं वर्षभर संगणकाचं सगळं मीच केलं, कारण शिकवण्यापेक्षा स्वतः करणं सोपं. मग मला डेंग्यू झाला. अकरा दिवसांनी परतले तर देवघेवीच्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात साठलेल्या. कुणी काही लपवलं नव्हतं, कुणाला काही येतच नव्हतं.

त्यानंतर रोज वाचनालय उघडायच्या आधी अर्धा तास शिकवणी, तीही कामाच्या वेळेतच धरलेली. आमचे शिपाई मामा माउसला घाबरायचे, म्हणून दोन महिने त्यांना माउस दिलाच नाही. फक्त स्कॅनर. आधी वर्गणीदाराचं कार्ड, मग पुस्तक, टीं वाजलं की झालं. परत घेताना नुसतं पुस्तक. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत, त्यामुळे चुकीची चिकटपट्टी लागलेली पुस्तकं त्यांनीच पकडली. स्कॅन केल्यावर पडद्यावर भलतंच नाव आलं की म्हणायचे, ‘‘मॅडम, ह्याचा बारसा चुकला.’’ लिपिक ताईंना नोंदी करायला शिकवल्या, आणि मग मामांना ताईंनी शिकवलं, मी नाही. एक दोनशे पानी वही केली: लाईट गेली तर काय, इंटरनेट नसेल तर काय, बॅकअप कसा घ्यायचा. ज्याला जे शिकवलं त्यानेच ते स्वतःच्या अक्षरात लिहायचं. आणि बॅकअप नुसता घेऊ नका, सहा महिन्यांतून एकदा दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. आमचा पहिला उघडलाच नव्हता.

एकदिवसीय कार्यशाळांवर माझा फार विश्वास नाही. जेवण चांगलं असतं. जायचंच तर आपल्या वाचनालयातली दहा अडचणीची पुस्तकं पिशवीत घालून जा आणि त्यांचे वर्गांक (विषयानुसार पुस्तकाला द्यायचे क्रमांक) तिथेच लावून घ्या. ज्याचं वय आणि मन आहे त्याला ग्रंथालय प्रमाणपत्राच्या वर्गाला बसवा, पुढे मुक्त विद्यापीठातून बी.लिब. ही ग्रंथालयशास्त्राची पदवी करता येते, फी संस्थेने भरावी. आणि सगळ्यांना एक दिवस मोठं ग्रंथालय बघायला न्या. आम्हाला मुंबईपेक्षा पणजी जवळ, म्हणून तिथल्या पाटो भागातलं कृष्णदास शामा ग्रंथालय, गोव्याचं मध्यवर्ती ग्रंथालय, बघितलं. 1832 पासूनची संस्था, इमारत नवी, ब्रेलचा स्वतंत्र विभाग. मामा परतीच्या एसटीत म्हणाले, आपल्याकडे आंधळी माणसं येत नाहीत की आपण त्यांना बोलावत नाही?

त्यातून आमची पहिली नवी सेवा सुरू झाली. एका संगणकावर एनव्हीडीए हे दृष्टिहीनांसाठीचं सॉफ्टवेअर घातलं. ते फुकट आहे, पडद्यावरचं मराठी वाचून दाखवतं. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयाची माहिती घेतली, तिथे ज्यांना छापील वाचता येत नाही त्यांच्यासाठीची पुस्तकं आहेत. आवाज यंत्राचा, कोरडा. पण आमच्याकडे येणारे एक निवृत्त गुरुजी तो एवढ्या वेगाने लावतात, की मला एक शब्द कळत नाही आणि ते हसत असतात.

दुसरी सेवा नोव्हेंबरची. पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला आता ‘जीवन प्रमाण’ या सरकारी ऑनलाइन सेवेवर मोबाइलने चेहरा दाखवूनही होतो. ताई ते करून देतात. आधार क्रमांक किंवा ओटीपी कागदावर टिपायचा नाही, ही अट वहीत लाल शाईने लिहिलीय. दाखल्याला आलेले काही आजी-आजोबा वर्गणीदार झाले, हा आमचा नफा.

व्हॉट्सॲपवर नव्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे फोटो टाका, फार चालतं. पीडीएफ मात्र टाकू नका, कुणी कितीही प्रेमाने पाठवली तरी. लेखक गेल्यानंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतो, आणि वाचनालयानेच चोरीची प्रत वाटणं बरं दिसत नाही. ज्यांना घरबसल्या हवंय त्यांना मराठी विश्वकोश आणि राज्य मराठी विकास संस्थेचे स्कॅन केलेले दुर्मिळ ग्रंथ दाखवा, तेच वाचून संपायचे नाहीत.

तर तीन लाख: दोन साधे संगणक, एक लेझर प्रिंटर, दोन स्कॅनर (स्टँडवाले घ्या, दोन्ही हात मोकळे राहतात), वर्षभर अर्धवेळ टाइप करायला गावातलीच एखादी होतकरू मुलगी, कर्मचाऱ्यांची फी आणि प्रवास. उरलेल्यात वाचनालयाला आणि अभ्यासिकेला मोठा इन्व्हर्टर.

देणगीदारांना दिसेल असं हवंय ना? त्यांच्या नावाची पाटी अभ्यासिकेच्या दारावर, बाहेरच्या दिव्याखाली लावा, आणि तो दिवाही इन्व्हर्टरवर घ्या. आषाढात बाजारपेठ काळोखात गेली की ती एकटीच वाचता येते.