बसच्या मॉडचे पैसे घ्यावेत का?

महोदय, सप्रेम नमस्कार.

बेळगावच्या उद्यमबागेतून आपण पाठवलेले पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. आपला मुलगा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, विज्ञान शाखेत शिकतो आणि ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ या मोबाइल गेमसाठी एसटीची लाल बस व वायव्य कर्नाटक परिवहनची बस अशी मॉड्स, म्हणजे मूळ गेममध्ये जोडता येणारे खेळाडूंनी केलेले भाग, तयार करून मित्रांना फुकट देतो. आता निपाणीचा एक तरुण ही मॉड्स त्याच्याकडून विकत घेऊन पुढे विकू इच्छितो. हे पैसे घ्यावेत का, आणि या नादात वर्ष वाया जाईल का, असे दोन प्रश्न आपण विचारले आहेत.

आपण या कामाला ‘नाद’ म्हणता, त्याबद्दल आधी लिहितो. आपण स्वतः फाउंड्रीसाठी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात तो नमुना, करता. धातू थंड होताना आकसतो म्हणून पॅटर्न किंचित मोठा ठेवावा लागतो, हे ज्याला कळते तोच कारागीर. आपला मुलगा ब्लेंडर या त्रिमितीय आकृत्या करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बसचा सांगाडा उभा करताना असाच हिशेब करतो: साध्या फोनवर गेम अडखळू नये म्हणून पॉलिगॉन (आकृती ज्या छोट्या सपाट तुकड्यांची बनते ते) कमी ठेवायचे आणि तरीही खिडक्या, आरसे, पायऱ्या ओळखू यायला हव्यात. त्याने पाट्या देवनागरी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत नीट लिहिल्या आहेत, हे मला विशेष आवडले. अशा कामाला मोल असले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मॉडर, म्हणजे मॉड करणारे, हौसेने काम करतात म्हणून ते फुकटच मिळावे, हे म्हणणे मला पटत नाही, कारण मॉड्समुळे गेमचे आयुष्य वाढते आणि त्याचा लाभ कंपनीला होतो. ‘काउंटर-स्ट्राइक’ हे 1999 साली ‘हाफ-लाइफ’ या गेमचे मॉड म्हणूनच सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी वाल्व्ह कंपनीने त्याचे हक्क घेऊन त्याच्या दोन्ही कर्त्यांना नोकरीवर घेतले.

मात्र मोल कोणी आणि कसे द्यायचे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. एप्रिल 2015 मध्ये वाल्व्ह आणि ‘स्कायरिम’ हा गेम बनवणारी बेथेस्डा यांनी त्या गेमची मॉड्स विकण्याची सोय सुरू केली, तेव्हा विक्रीतील 25 टक्के मॉडरला, 30 टक्के वाल्व्हला आणि 45 टक्के बेथेस्डाला मिळणार होते. खेळाडू संतापले. त्यातच मासेमारीचे एक मॉड दुसऱ्या मॉडरच्या ॲनिमेशनवर अवलंबून असल्यामुळे वादात सापडले आणि ते मागे घ्यावे लागले. चार दिवसांत ती योजनाच बंद करून ग्राहकांचे पैसे परत करण्यात आले. ज्याने काम केले त्याचा वाटा सर्वांत लहान होता, हे मला आजही अन्यायाचे वाटते. पण मॉडमध्ये कोणाचे किती आहे हे आधी ठरले नाही तर पैसा येताच भांडण होते, हेही त्या प्रकरणात दिसले.

आपल्या धंद्यात ही गोष्ट रोजची आहे. ग्राहक ड्रॉइंग आणतो, आपण त्यावरून पॅटर्न करून मजुरी घेता; पण त्याच पॅटर्नवरून कास्टिंग काढून दुसऱ्याला विकत नाही. मुलाच्या मॉडमध्ये त्रिमितीय आकृती आणि रंगकाम त्याचे आहे, गेम तो बनवणाऱ्या कंपनीचा आहे आणि बसवरची बोधचिन्हे त्या त्या परिवहन महामंडळाची आहेत. म्हणून निपाणीच्या तरुणाचा प्रस्ताव नाकारावा. मुलाने स्वतःच्या कल्पनेतली बस रचली आणि कोणी त्याला ती घडवण्याची मजुरी दिली, तर ती घेण्यात काही गैर नाही. मात्र त्या गेमच्या अटी तशी मुभा देतात का, हे आधी वाचले पाहिजे. अटी गेमनुसार बदलतात. ‘माइनक्राफ्ट’मध्ये मॉड कर्त्याचे राहते, पण ते विकता येत नाही. ‘फोर्टनाइट’मध्ये खेळाडूंनी रचलेल्या जगांसाठी 2023 पासून निव्वळ उत्पन्नातील 40 टक्के रक्कम वाटली जाते, पण त्यासाठी वय 18 पूर्ण असावे लागते.

वयाचा मुद्दा इथेही आहे. आपला मुलगा 17 वर्षांचा आहे आणि 1872 च्या भारतीय करार कायद्यानुसार अल्पवयीनाने केलेला करार रद्दबातल ठरतो. 18 वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याने कोणत्याही कागदावर सही करू नये, आणि स्वतःचे बँक खाते कोणाला वापरायला देऊ नये.

वर्ष वाया जाण्याची भीती मला तितकी वाटत नाही. परीक्षा होईपर्यंत नवीन मॉड हाती घेऊ नये, एवढे बंधन पुरेसे आहे. डिझाइन शिकायचे असेल, तर आयआयटी मुंबईची यूसीड ही प्रवेश परीक्षा आणि एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा विज्ञान शाखेच्या मुलांनाही देता येते. घराजवळच राहायचे असेल, तर सीईटी देऊन बेळगावातील व्हीटीयू या तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी घेता येईल. कोणतीही वाट धरली तरी तयार बसच्या चित्रासोबत रंग चढवण्यापूर्वीचा सांगाडा, मूळ फायली आणि कोणता भाग स्वतः केला याची टिपणे त्याने तारखेनिशी जपून ठेवावीत. पुढे स्टुडिओत काम मागताना हीच कागदपत्रे उपयोगी पडतील.

निपाणीच्या तरुणाला नकार मुलाने स्वतः लिहावा, सौम्य शब्दांत आणि कारणासह. पाठवण्यापूर्वी आपण तो एकदा वाचावा.